टर्बो गाडीची सायलेन्सर नळी किती इंची असावी?

या वेळच्या सदरासाठी आलेली बहुतेक पत्रे टर्बो गाड्यांच्या सायलेन्सरविषयी आहेत. मॅनिफोल्डपासून (इंजिनातून जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्यांपासून) मागच्या टोकापर्यंतच्या सगळ्याच नळीला सायलेन्सर म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. उत्तरांत मात्र मी टर्बोला लागून खाली उतरणाऱ्या भागाला डाऊनपाइप, मधल्या लांब भागाला मधली नळी आणि शेवटच्या डब्याला मफलर असे वेगवेगळे म्हटले आहे, कारण या तिन्ही ठिकाणी मापाचा हिशेब वेगळा असतो आणि बहुतेक गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो.

प्रश्न : माझ्याकडे १.० लिटर, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. कंपनीच्या कागदावर ती १२० पीएस ताकदीची आहे आणि रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलून, १५० ते १६० पीएसपर्यंत नेण्याचा विचार आहे. अंबडमधील एक फिटर डाऊनपाइपपासून शेवटपर्यंत तीन इंची नळी टाकायला सांगतात. दुसरे म्हणतात, बॅक प्रेशर (नळीच्या अडथळ्याने मागे इंजिनावर येणारा दाब) गेले की पिकअप मरतो, त्यामुळे आहे तीच दोन इंची नळी ठेवा. दोघेही अनुभवी आहेत. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : दुसऱ्या फिटरचे म्हणणे जिथून आले ती गोष्ट खरी आहे, पण ती तुमच्या गाडीची नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात एका सिलिंडरमधून सुटलेला वायूचा झोत पुढे जाताना आपल्या मागे कमी दाब सोडतो आणि त्या ओढीने उरलेला जळका वायू बाहेर खेचला जातो. नळी फाजील मोठी केली की वायूचा वेग पडतो, ओढ कमी होते आणि कमी आरपीएमवर गाडी सुस्त वाटते. हे सुस्तपण वेग कमी झाल्यामुळे येते. अडथळा कमी झाल्यामुळे येत नाही. गॅरेजच्या बोलण्यात मात्र त्याला ‘बॅक प्रेशर गेले’ असे नाव पडले आणि ते पिढ्यानपिढ्या टिकले.

टर्बोच्या गाडीत हे झोत टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोमधील जळक्या वायूने फिरणाऱ्या चक्राच्या, पात्यांवर आदळून जवळजवळ मोडून जातात. टर्बाइन फिरते ते त्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतील फरकामुळे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे हवेचा दाब जवळपास ०.९४ बार धरायला हरकत नाही. समजा, पूर्ण लोडवर टर्बाइनच्या आधी २ बार दाब आहे आणि पुढच्या नळीचा अडथळा ०.३५ बार आहे. तर टर्बाइननंतरचा दाब १.२९ बार आणि दोन्हींचे गुणोत्तर १.५५ होते. तोच अडथळा ०.१५ बारवर आणला की नंतरचा दाब १.०९ होतो आणि गुणोत्तर १.८३ वर जाते. म्हणजे तेवढ्याच वायूतून टर्बाइनला अधिक काम मिळते, टर्बो लवकर स्पूल होतो म्हणजे वेग धरतो, आणि ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब, पूर्वीइतकाच धरून ठेवला तरी त्यासाठी टर्बाइनच्या आधी साठवावा लागणारा दाब कमी होतो. सिलिंडरमध्ये मागे राहणारा गरम वायू त्यामुळे घटतो आणि नॉकिंगचा, म्हणजे इंधन भलत्या वेळी आपोआप पेटून ठोके पडण्याचा, धोकाही कमी होतो. म्हणून टर्बाइनच्या पुढे जाणूनबुजून अडथळा ठेवण्याचे कोणतेही कारण नाही. टर्बाइनच्या आधी, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, मात्र उलट न्याय आहे. तिथे नळ्या आखूड आणि बेताच्याच हव्यात, कारण वायूची उष्णता आणि वेग पात्यांपर्यंत पोहोचला पाहिजे.

मग तीन इंची का नको? यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. १२० पीएसचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना मिनिटाला साधारण ६ किलो वायू बाहेर टाकते, म्हणजे सेकंदाला १०० ग्रॅम. टर्बाइनमधून बाहेर पडताना तो ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास असला, तर त्याचे आकारमान सेकंदाला ३०० लिटरहून थोडे अधिक भरते. नळी नेहमी बाहेरच्या व्यासाने विकली जाते, त्यामुळे दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात दोन इंचीचा आतला व्यास ४७.८ मिलिमीटर, अडीच इंचीचा ६०.५ आणि तीन इंचीचा ७३.२ मिलिमीटर असतो. या मापांनी वायूचा वेग दोन इंचीत सेकंदाला सुमारे १७४ मीटर, सव्वादोन इंचीत १३६, अडीच इंचीत १०९ आणि तीन इंचीत ७४ मीटर येतो. तुम्ही १६० पीएसपर्यंत गेलात, तर हे आकडे अनुक्रमे २३२, १८१, १४५ आणि ९९ होतात.

डाऊनपाइपमध्ये पूर्ण लोडवर वेग सेकंदाला १५० मीटरच्या आत असावा, असा ठोकताळा मी स्वतः वापरतो. त्या हिशेबाने आजच्या १२० पीएसला सव्वादोन इंची पुरते आणि १६० पीएसला अडीच इंची लागते. वळणे, सांधे आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) यांतील दाबाची घट ढोबळमानाने व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते. त्यामुळे दोन इंचीवरून अडीच इंचीवर गेलात की ती अडीच पटींहून जास्त कमी होते आणि तो फरक पायाखाली जाणवतो. अडीचवरून तीनवर गेल्यास उरलेली घट पुन्हा निम्म्याहून थोडी खाली येते खरी, पण मुळात निम्मे करण्याजोगे फारसे उरलेलेच नसते. त्या मोबदल्यात वजन वाढते, इंजिन आणि फायरवॉल यांच्या मधल्या अरुंद जागेत नळी अंगाला चिकटून बसते आणि आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक तिला खालून घासू लागतात. तीन इंची नळी साधारण २०० पीएसच्या पुढच्या गाडीची गोष्ट आहे.

ती शेवटपर्यंत सारखी ठेवण्याचीही गरज नाही. वायू मागे जाताना थंड होतो. ७५० अंशांवरून ४०० अंशांवर आला की त्याचे आकारमान जवळपास दोन तृतीयांश उरते, म्हणून १६० पीएसलासुद्धा मागच्या भागात सव्वादोन इंची नळीत वेग १२० च्या आसपासच राहतो. तुमच्यासाठी माझे उत्तर असे : डाऊनपाइप अडीच इंची, टर्बोच्या तोंडापासून तिथपर्यंत पायरी न ठेवता शंकूसारखा हळूहळू रुंदावत नेलेला. कॅटच्या पुढे मधली नळी आणि मफलर सव्वादोन इंची.

मात्र यातील एकही नळी कापण्याआधी मोजमाप करा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. टर्बोच्या तोंडापासून वीतभर खाली डाऊनपाइपवर एक छोटा आट्यांचा बंग, म्हणजे गेज जोडण्याचे तोंड, आर्गॉन वेल्डिंगने लावून घ्या. त्यातून मीटरभर तांब्याची बारीक नळी वेटोळे करून आणा, म्हणजे उष्णता तिथेच निघून जाते. पुढे सिलिकॉनचा पाइप जोडून ० ते १ बारचा साधा गेज काचेजवळ बसवा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ५,५०० आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटल द्या. दुसऱ्या गिअरमध्ये वेग बेताचाच राहतो. शेजारी बसलेल्याने गेजचे चित्रीकरण करावे, चालवणाऱ्याने काट्याकडे पाहू नये. काटा ०.१५ बारच्या खालीच राहिला, तर नळी बदलून हाती फारसे काही लागणार नाही. ०.३० च्या पुढे गेला, तर पैसे कुठे घालायचे ते कळले. मग कॅटच्या पुढे दुसरा बंग घेऊन हेच मोजा, म्हणजे अडथळा डाऊनपाइप आणि कॅटमध्ये आहे की मागच्या डब्यात, तेही उघड होते. रिमॅपच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही मोजमापे केलीत, तर दोन्ही फिटरांशी नुसत्या मतांवर बोलावे लागणार नाही. गेजचा आकडा दोघांपुढे ठेवता येईल.

प्रश्न : तीन इंची डाऊनपाइप बसवल्यापासून ४,००० आरपीएमच्या पुढे गाडी अचानक जीव सोडते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. दिवा पुसला की दोन-तीन दिवसांनी परत येतो. पाइप मोठा झाला म्हणजे टर्बो खराब झाला का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : टर्बो खराब झाल्याचे यातून सिद्ध होत नाही. आधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या. नुसता दिवा पुसणे म्हणजे पुरावा पुसणे. पी ०२३४ आला असेल, तर बूस्ट ठरलेल्या मर्यादेपेक्षा वर जात आहे. अडथळा कमी झाल्यावर टर्बाइन जोरात फिरू लागते. जास्तीचा वायू बगल देऊन सोडणारे वेस्टगेट लहान असेल, किंवा नव्या डाऊनपाइपच्या तोंडाशी त्याच्या झडपेला पूर्ण उघडायला जागाच उरली नसेल, तर बूस्ट आवरत नाही आणि ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापते. तुम्ही ज्याला जीव सोडणे म्हणता, ते हेच. डाऊनपाइप उतरवून झडप हाताने पूर्ण उघडून पाहा आणि ती फ्लँजच्या कडेला किंवा वेल्डिंगच्या शिवणीला अडते का, हे खडूच्या खुणेने तपासा. एवढ्या साध्या कारणाने महिनोन्‌महिने हैराण झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. झडप मोकळी असेल, तर नव्या पाइपप्रमाणे बूस्टचा मॅप सुधारून घ्यावा लागेल.

कोड पी ०४२० असेल, तर प्रश्न निराळा आहे. कॅटनंतरच्या सेन्सरला वायू पुरेसा शुद्ध झालेला दिसत नाही. कॅट काढून टाकला आहे, की हलक्या प्रतीचा बसवला आहे, हे ज्यांनी काम केले त्यांना स्पष्ट विचारा. सेन्सरच्या आधीच्या फ्लँजमधून हवा आत ओढली जात असेल, तर सेन्सरचे आकडे चुकीचे येतात आणि वेगळे कोडही लागू शकतात. त्यामुळे गॅस्केटच्या कडेला काजळीची काळी रेघ उमटली आहे का, तेही पाहा.

प्रश्न : नळी खरोखर ३०४ ग्रेडची आहे आणि खरोखर अडीच इंची आहे, हे ग्राहकाने कसे ओळखावे? लोहचुंबक चिकटला नाही की झाले का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : लोहचुंबकावर विसंबू नका. कठड्यांना आणि जिन्यांना वापरतात त्या २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही, पण त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते आणि उष्णतेत व ओलाव्यात ते ३०४ इतके टिकत नाही. स्टीलच्या दुकानांत ग्रेड तपासण्याच्या रसायनाची बाटली असते. थेंब टाकला की २०२ वर रंग चढतो आणि ३०४ वर तसा चढत नाही. ही तपासणी तुमच्यासमोर, नळी कापण्याआधी करून घ्या. उलट ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो, म्हणून ते हलके असे समजू नये. कंपन्या स्वतःच्या सायलेन्सरसाठी ते सर्रास वापरतात. वरून थोडे गंजते खरे, पण उष्णतेने ३०४ पेक्षा बरेच कमी फुगते. मीटरभर लांबीची नळी ५०० अंशांनी तापली, तर ३०४ साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते आणि ४०९ साडेपाचच्या आसपास. म्हणून ३०४ ची नळी टाकताना जाळीचा फ्लेक्स पाइप वाचवण्याच्या फंदात पडू नका. तो वगळला, तर ती वाढ मॅनिफोल्डच्या बोल्टवर आणि टर्बोच्या फ्लँजवर येते.

मापाच्या बाबतीत सरळ भागावर व्हर्नियर लावून काही कळत नाही. तो वळणावर लावायचा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गाडी आली होती. मालकाने एका गॅरेजमध्ये तीन इंची नळीचे पूर्ण पैसे मोजले होते, आणि तरीही गाडी पूर्वीपेक्षा फारशी मोकळी वाटत नव्हती. सरळ भागात माप बरोबर ७६ मिलिमीटर होते. मागच्या ॲक्सलवरून जाणाऱ्या वळणावर मात्र आतली बाजू दाबून आत गेली होती, तिथे सुरकुत्या धरल्या होत्या आणि सर्वांत अरुंद जागी व्हर्नियर ५४ दाखवत होता. आतून वाहायला उरलेली जागा जेमतेम अडीच इंची नळीएवढी होती, आणि अशी वळणे एका पाठोपाठ एक चार होती. तुम्ही मोजता ते पैसे सगळ्यात मोठ्या मापाचे असतात, पण वायूला अडवते ते सगळ्यात लहान माप. म्हणून दाबून वाकवलेली नळी घेऊ नका. आत मँड्रेल, म्हणजे नळी दबू न देणारा गाभा, घालून वाकवलेली तयार वळणे मिळतात. ती आणून सरळ तुकड्यांना जोडली तर खर्च वाढतो, पण मँड्रेल वळणांची अडीच इंची नळी दाबलेल्या तीन इंचीच्या तोडीला येते. वेल्डिंग करताना नळीच्या आतही आर्गॉन सोडला आहे ना, हे विचारा. तसे केले नाही, तर आतल्या बाजूला खडबडीत करपलेली शिवण राहते आणि पुढे तिथूनच चीर जाते.

प्रश्न : माझ्या बीएस ६ डिझेल एसयूव्हीचा पिकअप वर्षभरात कमी झाला आहे. नळी मोठी करून फायदा होईल का? गाडी बहुतेक गंगापूर रोड ते कॉलेज रोड एवढीच फिरते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नळी तीच आहे आणि ताकद वर्षभरात घटली आहे, म्हणजे दोष नळीच्या मापात नाही. तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यातच बहुधा उत्तर आहे. डीपीएफमध्ये (धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीत) साठलेली काजळी जाळायला आतले तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत जावे लागते आणि तेवढे तापमान काही वेळ टिकावे लागते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही, जाळणी अर्धवट राहते आणि काजळी वाढत जाते. स्कॅनरवर डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक आणि काजळीचे प्रमाण पाहून घ्या. फार वाढलेले नसेल, तर मुंबई महामार्गाने घोटीपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन या आणि पुन्हा वाचन घ्या. जाळणी चालू असताना इंजिन बंद करू नका. अर्धवट जाळणीत आत सोडलेले जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, त्यामुळे डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर गेली आहे का, तेही पाहावे. डीपीएफ पोकळ करून देणारे लोक भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका.

प्रश्न : अडीच इंची नळी, कॅट कायम आणि मोठा मफलर, एवढा बदल कायद्यात बसतो का? शिवाय २,४०० आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये कान दडपणारी घरघर येते, तिचे काय करावे? गाडी तीन सिलिंडरची आहे. (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. आवाज आणि धूर यांची ठरलेली मानके मोडल्यास कलम १९०(२) लागते. त्यात पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कॅट काढणे आणि आवाज वाढवणे या दोन गोष्टी मी कोणालाही सुचवत नाही. केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे, तर आपल्या मागे दुचाकीवर लहान मूल घेऊन कोणीतरी चाललेले असते म्हणून. मूळ कॅटमध्ये चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० छिद्रे असतात. अडथळा तिथेच आहे असे गेजने दाखवले, तर कॅट काढण्याऐवजी मोठ्या व्यासाचा, खरोखर काम करणारा कॅट शोधावा, आणि बदल करण्याआधी आरटीओकडे व विमा कंपनीकडे लेखी चौकशी करावी. मूळ डाऊनपाइप आणि मफलर भंगारात देऊ नका. तेलाचा हात फिरवून जपून ठेवा.

घरघरीचा हिशेब सोपा आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दीड स्फोट होतो, म्हणून २,४०० आरपीएमवर सेकंदाला ६० ठोके पडतात. हा आवाज इतका खोल असतो, की मफलरमधील काचलोकर त्याला जवळपास अडवतच नाही. तो मारण्याचा एक उपाय म्हणजे मधल्या नळीला एका टोकाला बंद असलेली फांदी जोडणे, जिच्या तळापर्यंत जाऊन परत आलेली लाट मूळ लाटेला काटते. पण ६० ठोक्यांसाठी ३०० अंशांच्या आसपास तापलेल्या वायूत ती फांदी जवळपास दोन मीटर लांब हवी, आणि लहान गाडीच्या पोटाखाली तेवढी जागा नसते. तेव्हा आधी मधल्या भागात मूळ रिझोनेटर (आवाज मारणारा छोटा डबा) होता का आणि तो काढला आहे का, हे विचारा. असल्यास तो परत बसवा. मफलरचा डबा आकारमानाने मोठा घ्या, नळी मात्र सव्वादोनच ठेवा. शेवटी गाडी रॅम्पवर घेऊन रबरी हँगर तपासा. नळी कुठे क्रॉसमेंबरला किंवा उष्णतेच्या पत्र्याला टेकत असेल, तर तिथे चकाकणारा घासलेला डाग दिसतो. टेकलेली नळी मोकळी केल्यावर घरघर बरीच उतरते, आणि त्याला फक्त एक हँगर सरकवण्याचा खर्च येतो.